आवणीच्या दिवसात कॉलेजचा फॉर्म



हा अंक खरं तर वनखात्याच्या अतिक्रमण केसेसवर काढायचा होता. त्याचा मजकूर तयारही होता. पण गेले पंधरा दिवस आपल्या कचेरीत येणाऱ्यांमध्ये प्लॉटवाले कमी आणि गुणपत्रिका घेऊन येणारी पोरं जास्त, असं चाललंय. बारावीचा निकाल लागला, दहावीचाही लागला. कुणाला डी.एड. करायचंय, कुणाला नर्सिंग, एकदोघांना मेडिकल-इंजिनिअरिंगचं वेड आहे, आणि बाकीच्यांना निदान अकोल्याला नाहीतर संगमनेरला बी.ए.ला तरी जायचंय. सगळ्यांच्या हातात एकच प्रश्न: कागद पुरे होत नाहीत आणि तारीख संपत आली.

आपल्यातल्या काही जुन्या कार्यकर्त्यांनी विचारलं, जमिनीच्या चळवळीने कॉलेजच्या भानगडीत कशाला पडायचं? आमचं म्हणणं असं, की ही भानगड वेगळी नाहीच. कागद तेच आहेत. सातबारा, फेरफार, जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला. तलाठीही तोच आणि हेलपाटेही तेच. बापाला प्लॉटासाठी जे सिद्ध करावं लागतं तेच पोराला कॉलेजसाठी सिद्ध करावं लागतं. आपण कोण आहोत, कुठले आहोत आणि किती वर्षांपासून इथे आहोत, एवढंच.

आधी कॅलेंडर बघा. कॉलेजचे फॉर्म सुटतात जूनमध्ये आणि याद्या लागतात जुलैत. आपल्याकडे तेव्हा काय असतं? घाटघर, रतनवाडी, साम्रद, उडदावणे, पांजरे या पट्ट्यात पाऊस असा धरतो की दोन दोन दिवस समोरचा डोंगर दिसत नाही. रोप आवणीला आलेलं असतं. आवणीला चार दिवस उशीर झाला तर खाचर वर्षभराला गेलं. घरातलं बारावी पास पोरगं म्हणजे घरातला सगळ्यात चांगला गडी. त्याला त्याच आठवड्यात तीनदा तालुक्याला पाठवायचं म्हणजे बापाने एक खाचर सोडून द्यायचं. एसटी आली तर आली, ओढ्याला पाणी असलं तर नाही आली. आणि हातात पैसा नसतो. एप्रिल-मे मध्ये हिरडा गोळा केला, त्याचे आलेले पैसे बियाण्यात, लग्नात आणि दुकानदाराच्या उधारीत गेले. आता पुढचा पैसा दिवाळीनंतर नारायणगावकडे मजुरीला गेल्यावर.

हे सरकारला माहीत नाही असं कोणी म्हणू नये. पावसाळ्याच्या महिन्यांत आदिवासीच्या घरात धान्य नसतं हे मान्य करूनच सरकार खावटी कर्ज द्यायचं. म्हणजे सरकारचं एक खातं लिहून द्यायचं की या महिन्यांत या माणसाकडे खायला नाही. आणि त्याच महिन्यात दुसरं खातं त्याच्या पोराला म्हणायचं, फी भर, स्टँप पेपर आण, झेरॉक्सच्या प्रती जोड, प्रत्येक प्रतीवर गॅझेटेड ऑफिसरची सही आण आणि सोमवारपर्यंत ये. शिष्यवृत्ती आहे ना, असं सांगतात. आहे. भारत सरकारची मॅट्रिकनंतरची शिष्यवृत्ती आहे, तिच्यावर आपली कितीतरी पोरं शिकली हे आम्ही नाकारत नाही. पण ती हातात पडते वर्ष सरत आल्यावर. वसतिगृहाचंही तसंच. कॉलेजात प्रवेश झाल्याशिवाय वसतिगृहाचा फॉर्म घेत नाहीत, आणि राहायची सोय झाल्याशिवाय बाप कॉलेजात नाव घालू देत नाही. पोरीच्या बाबतीत तर मुळीच नाही. आधी काय, हे कोणी सांगत नाही.

आता गुणांचं. फॉर्मवर गुणांसाठी चौकोन आहे. जन्मतारखेला चौकोन आहे, धर्माला, जातीला, बापाच्या उत्पन्नाला आहे. पण पोराला हे गुण कसे पडले याला चौकोन नाही. आपलं पोरगं सहाव्या-सातव्या वर्षी आश्रमशाळेत जातं. दहावीपर्यंत मराठीत शिकतं. सायन्स घेतलं की अकरावीला एकदम इंग्रजी पुस्तक समोर येतं. ज्या शब्दाचा मराठी अर्थ ठाऊक नाही त्याचा इंग्रजी स्पेलिंग पाठ करावा लागतो. गणिताचा मास्तर अर्धं वर्ष नसतो. प्रयोगशाळेत काचेचं सामान कपाटात कुलपात असतं, कारण फुटलं तर भरून कोण देणार. क्लास म्हणून जे काही शहरात असतं ते आपल्या पोराने फक्त भिंतीवरच्या जाहिरातीत वाचलेलं असतं. अशा पोराला अठ्ठावन्न टक्के पडले आणि पुण्यातल्या क्लासवाल्या पोराला अठ्ठ्याऐंशी, तर यादीत तीस टक्क्यांचं अंतर दिसतं. मधे काय काय आहे ते यादीत दिसत नाही. आम्ही असं म्हणत नाही की अठ्ठ्याऐंशीवाल्याने अभ्यास केला नाही. केलाच असणार. आमचं म्हणणं एवढंच की त्याच्या अठ्ठ्याऐंशीत त्याच्या घराचाही वाटा आहे, आणि आमच्या पोराच्या अठ्ठावन्नात त्याच्या घराने उलट वजाबाकी केलेली आहे.

घरची परिस्थिती प्रवेशात धरायची नसते, प्रवेश गुणवत्तेवर असतो, असं आम्हाला एका कॉलेजच्या खिडकीवर ऐकवलं. परिस्थिती धरत नाहीत असं कोण म्हणतं? धरतात की. पैसेवाल्या बापाची परिस्थिती बरोबर धरतात. १९८३ पासून आपल्या राज्यात विनाअनुदानित इंजिनिअरिंग-मेडिकल कॉलेजं निघाली. आपल्या जिल्ह्यातही निघाली. कॅपिटेशन फी इतकी माजली की १९८७ साली ती बंद करायला कायदा करावा लागला. मग १९९३ साली सुप्रीम कोर्टाने निम्म्या जागा फ्री आणि निम्म्या पेमेंटच्या असं ठरवून दिलं. म्हणजे निम्म्या जागांवर बापाच्या खिशाला उघड मान्यता होती. तिथे कोणी गुणवत्ता धोक्यात आली म्हणून अग्रलेख लिहिलेला आम्ही वाचला नाही. आदिवासीच्या सात टक्क्यांवर मात्र दर जूनमध्ये लिहितात.

त्या सात टक्क्यांबद्दल नीट बोललं पाहिजे. आपल्या घराघरात असा समज आहे की आपल्याला सात टक्के राखीव आहेत, म्हणजे जागा आपल्यासाठी ठेवलेलीच आहे, फक्त जाऊन बसायचं. तसं नाही. त्या सात टक्क्यांतही रांग आहे. त्या रांगेत शहरात वाढलेली, साहेबांची पोरं पुढे आहेत, आणि काही अशीही आहेत जी आदिवासी नाहीतच.

१९७६ पर्यंत अनुसूचित जमातींच्या यादीला क्षेत्राचं बंधन होतं. आपल्या जिल्ह्यात अकोले, संगमनेर आणि राहुरी या तालुक्यांतलेच महादेव कोळी आणि ठाकर आदिवासी धरले जायचे. त्याबाहेर पोटासाठी गेलेल्या खऱ्या आदिवासीवर त्यात अन्याय व्हायचा. म्हणून १९७६ च्या कायद्याने ते बंधन काढलं, ते बरोबरच झालं. पण त्याच दारातून दुसरेही आत शिरले. नावात कोळी असलं की महादेव कोळी, नावात ठाकूर असलं की आदिवासी ठाकूर. १९७१ च्या जनगणनेत महाराष्ट्रात आदिवासी साडेएकोणतीस लाख होते. १९८१ ला ५७ लाखांच्या वर गेले. दहा वर्षांत जवळजवळ दुप्पट. यातले काही बंधन उठल्यामुळे नव्याने मोजले गेलेले खरे आदिवासी आहेत. पण आदिवासीच्या घरात दहा वर्षांत एवढी पोरं जगत असती तर आम्हाला कुपोषणावर मोर्चे काढावे लागले नसते.

सप्टेंबर १९९४ मध्ये सुप्रीम कोर्टाने यावर मोठा निकाल दिला. प्रकरण आपल्याच नावाचं होतं. दोन बहिणींनी महादेव कोळी म्हणून डॉक्टरकीच्या राखीव जागा घेतल्या होत्या. वडिलांच्या जुन्या नोंदीत हिंदू कोळी. कोर्टाने दावा खोटा ठरवला. मोठीचं शिक्षण शेवटाला आलं होतं म्हणून तिला ते पुरं करू दिलं, पण कोर्टाने स्पष्ट म्हटलं की खोट्या दाखल्यावर जागा घेणं म्हणजे खऱ्या उमेदवाराची जागा हिसकावणं आहे. ती जागा घाटमाथ्यावरच्या कुठल्या पोराची किंवा पोरीची होती ते कोणालाच कळणार नाही. त्या वर्षी ते पोरगं बहुतेक आवणीच करत असेल.

निकालाचं आम्ही स्वागत केलं होतं आणि आजही करतो. पण या जूनमध्ये काय दिसतंय? खोट्याला धरायला जे जाळं टाकलं, त्यात आपलीच पोरं आधी अडकतायत. कारण खोट्याकडे कागद भरपूर असतात. कागद जमवणं हाच तर त्याचा धंदा. आपल्याकडे माणसं आहेत, डोंगर आहे, देव आहेत. कागद नाहीत.

६ सप्टेंबर १९५० ला राष्ट्रपतींनी जमातींची यादी काढली. त्याच्या आधीचा पुरावा आणा, असं पडताळणीवाले सांगतात. आजोबाच्या शाळेचा दाखला आणा. कुठल्या शाळेचा? १९५० च्या आधी आपल्या किती वाड्यांत शाळा होती? आजोबा शाळेत गेला असता तर नातू अशा अवस्थेत खिडकीसमोर उभा राहिला असता का? मग राहतो महसुलाचा कागद. जुना फेरफार, नाहीतर गाव नमुना नंबर १४, म्हणजे जन्ममृत्यूची नोंद. ती नोंद लिहिणारा कारकून कोण? बाहेरचा. त्याने कधी 'म. कोळी' लिहिलं, कधी नुसतं 'कोळी' लिहिलं, कधी जागा तशीच सोडली. ठाकराचं कधी ठाकर, कधी ठाकूर. आडनाव तर लिहीतच नव्हते, 'अमका बिन तमका' एवढंच. आडनाव चिकटवलं शाळेच्या मास्तराने, तेही एका भावाला एक आणि दुसऱ्याला दुसरं. आता नातवाने सिद्ध करायचं की तो 'बिन'वाला माझाच आजा.

आम्हाला याचा राग येतो. राघोजी भांगरे यांना २ मे १८४८ ला ठाण्याच्या तुरुंगात फाशी दिली, तेव्हा इंग्रजाला पक्कं ठाऊक होतं की हा महादेव कोळी कोण, कुठल्या डोंगरातला आणि त्याचे भाईबंद कोण. त्याच्याही आधी कॅप्टन मॅकिंटॉश नावाच्या साहेबाने महादेव कोळ्यांवर सविस्तर लिहून ठेवलं होतं, आमची कुळं, आमचे देव, आमच्या रीती सगळं. आमच्यावर बंदुका रोखायच्या होत्या तोवर आमची ओळख सरकारला तोंडपाठ होती. जागा द्यायची वेळ आली की ओळख पटत नाही.

आणि पडताळणीत विचारतात काय? तुमचा देव कोणता, लग्नात काय करता, मयताचं काय करता. विचारायला हरकत नाही. पण ज्याला विचारता ते पोरगं सहाव्या वर्षापासून आश्रमशाळेत आहे. वाघबारसेला ते घरी नसतं, बोहडा पाहिला तर सुट्टीत एखादा. विधी त्याने केलेला नसतो, आईबापाने केलेला असतो. त्याला धड सांगता येत नाही. उलट पुस्तकं वाचून तयारी करून आलेला धडाधड सांगतो. डॉ. गोविंद गारे यांच्यासारख्या आपल्या माणसाने आपल्या समाजावर कष्टाने लिहिलं, ते आपल्या पोरांना वाचायला मिळत नाही आणि बोगसवाले त्याचा गाईड करून वापरतात, ही आम्हाला सगळ्यात टोचणारी गोष्ट आहे. जमिनीच्या प्रकरणात आपण म्हणतो की कागद नसेल तर गावातल्या म्हाताऱ्याची साक्ष धरा, जागेवर येऊन बघा. जातीच्या बाबतीतही आमचं तेच म्हणणं आहे. पोराला कचेरीत बोलावून तोंडी परीक्षा घेण्यापेक्षा वाडीत या. एक रात्र राहा. पावसात आलात तर आणखी चांगलं.

इथे एक अवघड गोष्ट बोलून टाकतो. २३ नोव्हेंबर १९९४ ला नागपूरला विधानसभेवर गोवारींचा मोर्चा गेला होता. पोलिसांच्या लाठीमारात आणि चेंगराचेंगरीत ११४ माणसं मेली, बहुतेक बाया आणि पोरं. त्यांची मागणी अनुसूचित जमातीच्या सवलतींची होती. आपल्यातल्या काहींनी तेव्हा 'आणखी एक घुसणारे' असं म्हटलं. आम्हाला ते पटलं नाही. गुरं राखणाऱ्या माणसाची मागणी खरी की खोटी ते तपासावं, पण शहरात बसून दाखला विकत घेणारा आणि पोराला काखेत घेऊन मोर्चात येणारी बाई यांना एका मापाने मोजू नये. बोगसविरोधी लढा हा गरिबाविरोधी लढा होता कामा नये.

आपल्या आतही सगळे सारखे नाहीत हेही लिहायलाच हवं. महादेव कोळ्यांची निदान काही पोरं बारावीपर्यंत येतात. मागे राहिलेल्या ठाकरवाड्यांतून एखादं. कातकऱ्यांना सरकार स्वतःच आदिम जमात म्हणतं, त्यांचं बारावीचं पोरगं आमच्या कचेरीत यंदा एकही आलं नाही. खाली संगमनेर-राहुरीकडे पाटाच्या कडेला राहणारे भिल्ल बघा. घर ज्या जागेवर आहे तीही त्यांच्या नावावर नाही, मग रहिवासाचा पुरावा कुठून आणणार? जमिनीचा आणि कॉलेजचा संबंध काय म्हणून विचारणाऱ्यांनी एकदा त्या झोपड्यांकडे जाऊन यावं.

उत्पन्नाच्या दाखल्यातही जमीनच आडवी येते. आजोबा मरून वीस वर्षं झाली, वारसनोंद केलेली नाही. सातबाऱ्यावर अजून त्याचंच नाव, आणि पाच चुलत्यांची सगळी जमीन त्या एका नावावर. कागदावर दिसतो मोठा बागायतदार. नातवाच्या वाट्याला येतात दीड खाचर. आणि ज्या फॉरेस्टच्या प्लॉटावर घर खरं जगतं, वरई-नागली पिकते, तो कुठेच लिहिलेला नाही. म्हणजे जी जमीन हातात नाही ती मोजतात आणि जी हातात आहे तिच्याबद्दल बापावर केस चालू असते. एका मुलीच्या प्रवेशाच्या दिवशीच तिच्या बापाची अतिक्रमणाची तारीख होती. बाप कोर्टात गेला. मुलगी एकटी कशी पाठवायची म्हणून घरात बसली. तिला एकसष्ट टक्के आहेत. पुढच्या वर्षी बघू, असं घरचे म्हणतात. पुढच्या वर्षी तिचं लग्न असेल हे तिलाही माहीत आहे आणि आम्हालाही.

तर मग करायचं काय? परिस्थिती मोजता येत नाही हे म्हणणं खोटं आहे. दिल्लीला जवाहरलाल नेहरू विद्यापीठ आहे. तिथे मागास जिल्ह्यातून आलेल्या उमेदवाराला प्रवेशात जादा गुण देतात. ही पद्धत तिथे सत्तरच्या दशकात होती, १९८३ च्या गडबडीनंतर बंद केली, विद्यार्थ्यांनी भांडून ती पुढे परत आणली. म्हणजे जागा राखीव ठेवण्याशिवाय आणखीही रस्ता आहे. उमेदवार कुठून चालत आला तेही मोजायचं.

पण आपल्याकडे ती पद्धत जशीच्या तशी आणून उपयोग नाही, कारण ते जिल्हा मोजतात. आपला जिल्हा बघा! प्रवरानगरचा कारखाना इथे, सहकार इथे, साखर इथे. जिल्ह्याची सरासरी काढली की घाटघर आणि लोणी एका पोत्यात जातात आणि पोतं साखरेचं निघतं. भंडारदऱ्याचं धरण १९२६ साली पुरं झालं, त्याचं पाणी खाली ऊस पिकवतं, आणि त्या उसामुळे वर डोंगरात राहणारं आमचं पोरगं 'प्रगत जिल्ह्यातलं' ठरणार. हे चालणार नाही. मोजायचं तर गाव मोजा, शाळा मोजा. कुठल्या आश्रमशाळेतून आला, घरात त्याच्याआधी कोणी दहावी झालंय का, कॉलेज किती लांब आहे. राखीव जागांच्या आतल्या रांगेतसुद्धा हे धरा, म्हणजे साहेबाचं पोरगं आणि हिरडा वेचणाऱ्या बाईचं पोरगं यांच्यात काहीतरी न्याय होईल. आमच्या समाजातल्या नोकरदारांना हे आवडणार नाही. त्यांच्यातल्या एकदोघांनी आम्हाला तसं सांगितलंही. त्यांच्याशी आम्ही बसून बोलायला तयार आहोत, पण मागणी सोडणार नाही.

हे सगळं सरकारने मानायला वेळ लागेल. यंदाच्या पोरांकडे तेवढा वेळ नाही. म्हणून त्या १९९४ च्या निकालातल्याच काही गोष्टी नीट समजून घ्या, कारण खिडकीवर त्या सांगत नाहीत.

जातीचा दाखला आता प्रांत किंवा डेप्युटी कलेक्टरच्या दर्जाच्या अधिकाऱ्याचा लागतो. पडताळणीचा अर्ज प्रवेशाच्या सहा महिने आधी करायचा, असं त्या निकालात म्हटलं होतं. म्हणजे आज जे बारावीला आहेत त्यांनी जानेवारीच्या आत. जानेवारीत घर नारायणगावला मजुरीला असतं हे आम्हाला माहीत आहे, म्हणून दिवाळीला माणसं गावात असतानाच कागद करून टाका. चौकशी दोन महिन्यांच्या आत संपवावी असंही कोर्टाने म्हटलंय. आणि सगळ्यात महत्त्वाचं: पडताळणीचा निकाल आला नाही आणि प्रवेशाची तारीख संपत असेल, तर असलेल्या दाखल्यावर किंवा प्रतिज्ञापत्रावर कॉलेजने तात्पुरता प्रवेश द्यायचा, असं त्या निकालात म्हटलं होतं. पुढे निकाल विरुद्ध गेला तर प्रवेश जाईल, ते खरं. पण 'व्हॅलिडिटी नाही म्हणून जा' असं सांगून त्या निकालाप्रमाणे परत पाठवता येत नव्हतं. कोणी तसं सांगितलं तर भांडू नका, 'हे लेखी द्या' एवढंच म्हणा. आतापर्यंत ज्या दोन ठिकाणी आपल्या पोरांनी असं म्हटलं तिथे फॉर्म घेतला गेला.

या आठवड्यापासून आपली दोन पोरं रोज आपल्या कचेरीत बसतील आणि तालुक्याला जाणाऱ्यांबरोबर एक जण जाईल. मुलींबरोबर आपली एक कार्यकर्ती जाईल, म्हणजे घरच्यांनी एकटी कशी पाठवायची हे कारण सांगू नये. ज्यांच्याकडे आवणीला माणूस कमी पडतंय त्यांनी पाड्यावर सांगावं. शेजाऱ्यांनी त्या घरी एक दिवस इर्जिक करायची असं मागच्या बैठकीत ठरलंय, ते विसरू नये. येताना गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, सातबारा, आणि घरात पेटीत, आढ्याला, देव्हाऱ्यामागे जे काही जुने कागद असतील ते सगळे आणा. फाटके असले तरी आणा, तुम्हाला निरुपयोगी वाटले तरी आणा. वंशावळ सांगू शकेल असं घरातलं म्हातारं माणूस चालत येऊ शकत असेल तर तेही यावं, नसेल तर आम्ही वहीत लिहून घ्यायला येतो. कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घाला, पाऊस लय आहे.